संत बेनेडिक्ट आणि दिवसाची घडी



प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की आपल्यातल्या काही घरांत भिंतीवर एक कागद लागतो. पहाटे चारला उठणे, बायबलवाचन, मिस्सा, व्यायाम, रात्री संपूर्ण रोझरी. कागद इस्टरपर्यंत टिकतो, त्यावरचा दिनक्रम मात्र पहिल्या रविवारपर्यंतही टिकत नाही. मी कोणाला हसत नाही. सेमिनरीतून बाहेर पडल्यावर मीही असाच कागद लावला होता. सेमिनरीत उठवायला घंटा होती, बाहेर ती नव्हती. दहा दिवसांत मी हरलो. तेव्हा ज्यांचे चरित्र मी पुन्हा उघडले, ते संत बेनेडिक्ट. त्यांचा सण आपण ११ जुलैला साजरा करतो.

इटलीतील नर्सिया ह्या डोंगराळ गावी इ. स. ४८० च्या सुमारास एका सुखवस्तू घरात त्यांचा जन्म झाला. पश्चिमेचे रोमन साम्राज्य ४७६ साली कोसळले होते. शिक्षणासाठी त्यांना रोमला पाठवण्यात आले, पण तिथल्या तरुणांची चालचलणूक पाहून त्यांनी शिक्षणच सोडले आणि सुबियाको येथे डोंगरातल्या एका गुहेत ते एकटे राहू लागले. रोमानुस नावाचा मठवासी स्वतःच्या वाट्याचा पाव वाचवून दोरीने खाली सोडत असे. अशी तीन वर्षे गेली. पोप महान ग्रेगरी ह्यांनी इ. स. ५९३ च्या सुमारास त्यांचे चरित्र लिहिले. त्यात एक प्रसंग आहे. एक धर्मगुरू जेवण घेऊन गुहेपाशी आला आणि म्हणाला, की आज इस्टर आहे. बेनेडिक्टना ते ठाऊकच नव्हते! एकट्याच्या तपश्चर्येत वर्षातला सर्वांत मोठा सणही निसटून गेला होता.

पुढे जवळच्या एका मठातील लोकांनी त्यांना आग्रहाने आपले मठाधिपती केले. त्यांनी तिथे कडक शिस्त लावली. ती सोसवेना म्हणून त्या लोकांनी त्यांच्या द्राक्षारसात विष घातले. बेनेडिक्टनी आशीर्वादासाठी क्रूसाची खूण करताच ते भांडे फुटले, असे ग्रेगरी सांगतात. बेनेडिक्ट रागावले नाहीत. देवाने तुम्हांला क्षमा करावी, असे सांगून ते निघून गेले. ग्रेगरी सारा दोष त्या मठवासीयांना देतात आणि विष घालणाऱ्यांची बाजू कोण घेईल? तरी मला वाटते, की तिथून बेनेडिक्टही काही शिकून निघाले. गुहेतल्या एकट्या माणसाला जे जमते ते पंगतीतल्या सगळ्यांना जमत नाही.

सुबियाको परिसरात त्यांनी बारा-बारा जणांचे बारा मठ उभारले. इ. स. ५२९ च्या सुमारास ते मोंते कासिनोच्या डोंगरावर गेले आणि तिथे त्यांनी मठासाठी नियमावली लिहिली. तिची ७३ लहान प्रकरणे आहेत. ती नवशिक्यांसाठी आहे, असे ते स्वतःच त्यात म्हणतात. कडक तपश्चर्येचे पुस्तक समजून ती उघडणारा चकित होतो. हिवाळ्यात मठवासीयांनी अर्ध्या रात्रीहून थोडे अधिक झोपावे, म्हणजे अन्न पचून उठता येईल. उन्हाळ्यात रात्र लहान, म्हणून रात्रीच्या प्रार्थनेतली वाचने कमी करावीत आणि दुपारच्या जेवणानंतर विश्रांती घ्यावी. रोज दोन शिजवलेले पदार्थ असावेत, एक खाता आला नाही तर दुसरा खाता यावा म्हणून. पाव माणशी एक रोमन पौंड, म्हणजे साधारण ३२५ ग्रॅम. काम जड असेल तर मठाधिपतीने तो वाढवावा. द्राक्षारस मठवासीयांसाठी नव्हेच, असे जुने लोक म्हणत. पण आताच्या मठवासीयांना ते पटणार नाही हे ओळखून बेनेडिक्टनी त्याचे एक माप ठरवून दिले.

पूर्वीचे तपस्वी दीडशे स्तोत्रे एका दिवसात म्हणत. बेनेडिक्टनी ती आठवड्यावर आणली आणि कोणाला ह्याहून चांगली वाटणी सुचली तर त्याने तशी करावी, अशी मोकळीकही दिली. आठवड्यात दीडशे पूर्ण व्हावीत एवढीच अट. पहाटेच्या प्रार्थनेचे पहिले स्तोत्र मात्र हळू म्हणायचे, सगळ्यांना येऊन पोहोचता यावे म्हणून. उशिरा येणाऱ्याला शेवटच्या जागी उभे करावे, पण आत घ्यावे. बाहेर ठेवले तर तो परत जाऊन झोपेल, नाहीतर गप्पा मारत बसेल. (रविवारी मिस्साच्या वेळी मंडपात उभे राहणाऱ्यांनी हे वाचले, तर मला आनंद होईल.)

इतके माणूस ओळखणाऱ्या ह्या संताला आपल्या घडीचा मोहही होता. त्यांची बहीण संत स्कोलास्टिका. दोघे वर्षातून एकदा मठाबाहेरच्या एका घरात भेटत. शेवटच्या भेटीत रात्र होऊ लागली तेव्हा तिने विनवले, आज जाऊ नकोस, सकाळपर्यंत देवाविषयी बोलत बसू. मठाबाहेर रात्र काढणे नियमात बसत नव्हते, म्हणून बेनेडिक्टनी नकार दिला. तिने हात जोडून डोके टेकवले, प्रार्थना केली आणि असे वादळ उठले की त्यांना उंबरठा ओलांडता येईना. ती रात्र दोघांनी बोलत काढली. तीन दिवसांनी स्कोलास्टिका वारली. त्या रात्री ती वरचढ ठरली, कारण तिचे प्रेम अधिक होते, असे ग्रेगरी लिहितात.

बेनेडिक्ट इ. स. ५४७ च्या सुमारास गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी स्वतःला प्रार्थनामंदिरात नेववले, ख्रिस्तशरीर स्वीकारले आणि शिष्यांच्या हातांचा आधार घेऊन उभ्यानेच प्राण सोडला. बहिणीच्या कबरीतच त्यांना ठेवण्यात आले. काही दशकांनी लोम्बार्ड टोळ्यांनी एका रात्री मोंते कासिनो लुटले. मठवासी जीव घेऊन रोमला पळाले. पळताना त्यांनी जे उचलले त्यात नियमावलीची प्रत होती आणि तिच्याबरोबर पावाचे वजन व द्राक्षारसाचे माप.