दुष्काळातले तुकोबा

दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून मंडळींनी आम्हाला चार शब्द लिहायला सांगितले. आमचं शिक्षण चौथी, लिहिण्याची सवय उसाच्या हिशेबापुरती. तरी ज्यांच्या पादुकांमागं आपण देहूपासून चालतो त्या तुकोबारायांचं लिहितो. चुकलं तर पदरात घ्यावं.

तुकोबांचा जन्म 1608 सालचा. वडील बोल्होबा, आई कनकाई. विठ्ठलाची सेवा घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. काही कीर्तनकार त्यांना जन्मापासून फाटके रंगवतात, ते आम्हाला पटत नाही. मोऱ्यांच्या घरी शेती होती, दुकान होतं, महाजनकी होती, सावकारी होती. थोरले सावजी विरक्त, त्यामुळं संसाराचं जू पोरवयातच मधल्या तुकोबांच्या मानेवर आलं. पहिली बायको रखमाई दम्यानं आजारी, म्हणून पुण्याच्या गुळव्यांची जिजाई दुसरी केली. पुढं आईबाप गेले, भावजय गेली, सावजी तीर्थाला निघून गेले.

आणि त्यावर 1630 च्या सुमाराचा दुष्काळ आला. पाऊस नाही, गुरं मेली, दुकान बसलं, दिवाळं निघालं. काल ज्यांना लोक रामराम घालत होते त्यांना आज कोणी दारात उभं करीना. रखमाई अन्न अन्न करत गेली. लेकरू संतू गेलं. दाण्याचा व्यापार करणाऱ्याच्या घरात दाणा नाही, ह्या लाजेचं तुकोबांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे, लपवलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही बारा वर्षांचे होतो. आई-वडील खडी फोडायला जायचे, आम्ही लाल मिलोची भाकरी आणि सुकडी खाल्ली. तरी तेव्हा काम होतं, बाहेरून का होईना धान्य येत होतं. तुकोबांच्या वेळी तेही नव्हतं.

हे सगळं आम्ही पूर्वी कीर्तनात दोन मिनिटांत उरकायचो. दुष्काळ पडला, वैराग्य आलं, की लगेच पुढं. एका साली आमच्याच गावात सप्त्यात कीर्तन झालं आणि एक बाई पाया पडायला आली. तिच्या नवऱ्यानं कर्जापायी औषध घेतलं होतं, वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिनं विचारलं की रखमाई भाकरीवाचून गेली तेव्हा पांडुरंग कुठं होता. टाळकरी गप्प, आम्ही गप्प. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. त्यानंतर आम्ही तो भाग कधी पळवला नाही.

कारण खरी गोष्ट तिथंच आहे. तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटा भाऊ कान्होबा शोधत शोधत तिथं पोचला. दोघं इंद्रायणीवर आले. घरात लोकांची कर्जखतं होती. दुष्काळ सरला की वसुली करून घर पुन्हा उभं करता आलं असतं, व्यापारी माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले. अर्धे कान्होबाला दिले, कारण त्याला त्याचा प्रपंच होता, त्याचा वाटा बुडवायचा यांना हक्क नव्हता. आपले अर्धे इंद्रायणीत सोडले. ज्यांची नावं त्या कागदांवर होती, त्यांच्याही घरात कोणी ना कोणी मेलंच असणार. देवानं पाऊस पाडला नाही, रखमाई परत दिली नाही. पण स्वतः होरपळलेल्या माणसाच्या हातून दुसऱ्याची मान सोडवली. आम्हाला देवाची दया म्हणून जी दिसते ती ही.

मग मोडकं देऊळ नीट केलं, संतांची वचनं पाठ केली, एकादशीला कीर्तनाला उभे राहिले. वह्या बुडवल्याची आणि तरल्याची कथा सगळ्यांना पाठ आहे, ती इथं लिहीत नाही.

जिजाईचं मात्र लिहायला पाहिजे. लोक तिला कजाग म्हणून हसतात. घरात पोरं उपाशी असताना जी बाई भाकरी बांधून भंडाऱ्याचा डोंगर चढते तिला हसू नये. असं सांगतात की एकदा चढताना तिच्या पायात काटा मोडला. ज्या काळ्याला ती रोज शिव्या द्यायची तोच आला, खाली बसला, तिचा पाय मांडीवर घेऊन काटा काढला. शिव्यांचा हिशेब काढला नाही.

1650 साली फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा वैकुंठाला गेले. तेव्हा जिजाईच्या पोटात नारायणबाबा होते. त्यांनीच पुढं 1685 मध्ये पादुका पालखीत घालून पंढरीला नेण्याची वहिवाट घातली, त्या वाटेवर आपली दिंडी चालते.

ती बाई पुढच्या बीजेला आमच्याबरोबर देहूला आली. घाटावर बसून तिनं विचारलं, कागद सोडले ते हेच पाणी का. आम्ही हो म्हटलं. मग तिनं पाय पाण्यात सोडले आणि बसली. विणेकऱ्यानं हाक दिली तेव्हा उठली.