हॉवर्ड डॅरिन
हॉवर्ड 'डच' डॅरिन (इ.स. १८९७ – इ.स. १९८२) हे अमेरिकन मोटार-अभिकल्पक होते. पॅरिस व हॉलिवूड येथे श्रीमंत ग्राहकांसाठी त्यांनी बांधलेल्या मोटारी, पॅकार्ड कंपनीच्या उघड्या टपाच्या मोटारी आणि १९५१ सालची कैसर मोटार यांसाठी ते ओळखले जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी स्वखर्चाने घडविलेली फायबरग्लासच्या बॉडीची दोन आसनी स्पोर्ट्‌स कार 'कैसर डॅरिन' या नावाने १९५४ मध्ये विक्रीस आली. तिच्या केवळ ४३५ गाड्या तयार झाल्या. व्यापारी दृष्ट्या अयशस्वी ठरलेली ही मोटार आज संग्राहकांच्या दृष्टीने अत्यंत मोलाची मानली जाते.

पूर्वायुष्य

डॅरिन यांचा जन्म अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात क्रॅनफर्ड येथे झाला. तरुणपणी त्यांनी वेस्टिंगहाउस कंपनीत काम केले. मोटार उद्योजक जॉन नॉर्थ विलीस यांच्यासाठी विजेवर गिअर बदलणारी यंत्रणा तयार करण्याच्या कामात त्यांचा सहभाग होता. पुढे जवळजवळ चार दशकांनी त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध मोटारीला विलीस कंपनीचेच इंजिन बसविले गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते फ्रान्समध्ये होते. युद्धानंतर मायदेशी त्यांनी काही काळ विमानवाहतुकीचा व्यवसाय करून पाहिला; परंतु त्यांचा खरा ओढा मोटारींच्या घडणीकडे होता.

पॅरिसमधील कारकीर्द

त्या काळी महागड्या मोटारींचे कारखाने पुष्कळदा केवळ चासी आणि इंजिन विकत असत. तिच्यावर बॉडी चढविण्याचे काम स्वतंत्र कारागिरांकडे असे. पूर्वी घोडागाड्या व बग्ग्या बांधणाऱ्या कारखान्यांची परंपराच या व्यवसायात पुढे चालू राहिली होती. १९२३ मध्ये डॅरिन आणि त्यांचे सहकारी टॉमस हिबर्ड यांनी पॅरिसमध्ये 'हिबर्ड अँड डॅरिन' ही संस्था सुरू केली. आरंभी त्यांचा भर मिनर्व्हा या बेल्जियन मोटारींवर होता. पुढे रोल्स-रॉईस, हिस्पानो-सुइझा, ड्यूसेनबर्ग अशा मोटारींसाठीही त्यांनी बॉडी बांधल्या. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकण्याच्या रूढ पद्धतीऐवजी ॲल्युमिनियमचे ओतीव भाग वापरण्याचा प्रयोग या संस्थेने केला. नव्या द्रव्यांविषयीचे हे कुतूहल डॅरिन यांच्या ठायी अखेरपर्यंत टिकून राहिले.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत श्रीमंत ग्राहक कमी झाले. हिबर्ड अमेरिकेस परतले आणि जनरल मोटर्समध्ये रुजू झाले. डॅरिन यांनी फर्नांदेझ नावाच्या भागीदारासह 'फर्नांदेझ अँड डॅरिन' ही नवी संस्था उभारून १९३७ पर्यंत पॅरिसमध्येच काम चालू ठेवले.

हॉलिवूड आणि पॅकार्ड

अमेरिकेस परतल्यावर डॅरिन यांनी हॉलिवूडमधील सनसेट बुलेव्हार्डवर 'डॅरिन ऑफ पॅरिस' या नावाने कार्यशाळा थाटली. तेथे त्यांनी पॅकार्ड मोटारींवर उघड्या टपाच्या बॉडी बांधण्यास प्रारंभ केला. डिक पॉवेल, क्लार्क गेबल यांसारखे चित्रपट-अभिनेते त्यांचे ग्राहक होते. दाराच्या वरच्या कडेला खाली झुकून पुन्हा वर चढणारी रेषा ही त्यांची खास खूण होती आणि ती 'डॅरिन डिप' या नावाने ओळखली जाऊ लागली.

या मोटारींची लोकप्रियता पाहून पॅकार्ड कंपनीने त्या आपल्या अधिकृत यादीत समाविष्ट केल्या आणि त्यांचे उत्पादन हॉलिवूडमधून इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल येथे नेले. १९४१ च्या पॅकार्ड क्लिपर या मोटारीच्या घडणीतही आपला मोठा वाटा असल्याचे डॅरिन सांगत. मात्र कंपनीच्या अभिकल्प-विभागाने रेखाटनात बदल केले असल्यामुळे श्रेयाचा हा प्रश्न वादग्रस्त राहिला. मोठ्या कारखान्याला दिलेले चित्र कारखान्यातून बाहेर पडताना आपले राहत नाही, हा अनुभव त्यांना पुढेही येणार होता.

कैसर-फ्रेझर कंपनीतील काम

१९४५ मध्ये उद्योगपती हेन्री कैसर आणि जोसेफ फ्रेझर यांनी कैसर-फ्रेझर ही मोटार कंपनी स्थापन केली. युद्धकाळात विक्रमी वेगाने जहाजे बांधल्यामुळे कैसर यांचे नाव जगभर झाले होते. कंपनीच्या पहिल्या मोटारींचे मूळ रेखाटन डॅरिन यांचे होते. परंतु उत्पादनाच्या सोयीसाठी त्यात इतके फेरफार करण्यात आले की, मोटारीवर त्यांचे नाव झळकत असूनही ते असमाधानी राहिले. कंपनीपासून काही काळ दूर राहून ते पुन्हा परतले. त्यांच्या रेखाटनावर आधारलेली १९५१ ची कैसर मोटार मात्र तिच्या बुटक्या बांध्यामुळे, मोठ्या काचांमुळे आणि समोरच्या काचेच्या मध्यभागी असलेल्या झुकावामुळे वाखाणली गेली.

कैसर डॅरिन

डॅरिन यांनी १९४६ मध्येच फायबरग्लासच्या बॉडीची एक मोटार प्रायोगिक स्वरूपात तयार केली होती. पोलादी पत्र्याची बॉडी दाबून काढण्यासाठी अतिशय महाग साचे लागतात आणि त्यांचा खर्च भरून निघण्यास हजारो गाड्या विकल्या जाव्या लागतात. याउलट काचतंतूंचे कापड साच्यात अंथरून त्यावर रेझीन थापले की, ते कठीण होऊन हवा तो आकार धारण करते. त्यामुळे थोड्या गाड्या काढावयाच्या असल्यास ही पद्धत परवडते. शिवाय अशी बॉडी हलकी असते आणि गंजत नाही.

१९५२ मध्ये डॅरिन यांनी कंपनीच्या 'हेन्री जे' या छोट्या मोटारीच्या चासीवर, कोणाचीही परवानगी न घेता आणि स्वतःचे पैसे घालून, दोन आसनी स्पोर्ट्‌स कार तयार केली. फायबरग्लासच्या कामात त्यांना ग्लासपार कंपनीचे बिल ट्रिट यांचे साह्य लाभले. ही मोटार पाहून हेन्री कैसर प्रथम संतापले. आपण स्पोर्ट्‌स कारच्या धंद्यात नाही, अशी त्यांची भूमिका होती. परंतु त्यांच्या पत्नी ॲलिस यांना मोटार फार आवडली आणि त्यामुळे कैसर यांचे मत पालटले, असा प्रसंग सांगितला जातो. मोटारीला उद्योगपतीच्या नावासोबत अभिकल्पकाचेही नाव देण्यात आले. अमेरिकन कारखान्याच्या मोटारींत असा मान क्वचितच कोणाला मिळाला आहे.

या मोटारीचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे तिची दारे. ती बिजागरीवर बाहेर उघडत नसून पुढच्या मडगार्डच्या पोकळीत सरकत जात. या कल्पनेचे पेटंट डॅरिन यांनी आधीच घेतले होते. टप पूर्ण बंद, अर्धा उघडा किंवा पूर्ण उघडा अशा तीन स्थितींत ठेवता येत असे. इंजिन विलीस कंपनीचे, सहा सिलिंडरचे, सुमारे २.६ लिटर क्षमतेचे आणि ९० अश्वशक्तीचे होते. १९५३ मध्ये कैसर यांनी विलीस-ओव्हरलँड ही जीप बनविणारी कंपनी विकत घेतली होती. याच विलीस जीपची जुळणी मुंबईत महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेली असल्यामुळे हे नाव महाराष्ट्रालाही परिचित आहे.

ही मोटार १९५२ मध्ये, म्हणजे जनरल मोटर्सची कॉर्व्हेट प्रदर्शनात येण्यापूर्वीच, जाहीर झाली होती. तथापि तिचे उत्पादन रेंगाळले आणि दरम्यान १९५३ च्या मध्यास कॉर्व्हेट कारखान्यातून बाहेर पडू लागली. कैसर डॅरिनची किंमत ३,६६८ डॉलर, म्हणजे कॉर्व्हेटपेक्षा जास्त होती. इंजिन बेताचे होते. सरकती दारे मधूनमधून अडकत आणि त्यांतून आत शिरण्यास वाट अरुंद होती. मुळात कैसर कंपनीच आर्थिक संकटात सापडली होती. परिणामी १९५४ मध्येच उत्पादन थांबले. पुढील वर्षी कंपनीने अमेरिकेतील प्रवासी मोटारींचे उत्पादनही बंद केले.

कारखान्यात पडून राहिलेल्या सुमारे ५० गाड्या डॅरिन यांनी स्वतः विकत घेतल्या. त्यांपैकी काहींवर सुपरचार्जर, तर काहींवर कॅडिलॅकचे शक्तिशाली आठ सिलिंडरी इंजिन बसवून त्यांनी त्या लॉस एंजेलिस येथील आपल्या दालनातून विकल्या. कंपनीने सोडून दिलेले काम त्यांनी अशा रीतीने स्वतःपुरते पूर्णत्वास नेले.

उत्तरायुष्य आणि वारसा

पुढील काळात डॅरिन यांनी डीकेडब्ल्यू या जर्मन मोटारीच्या चासीवर फायबरग्लासची स्पोर्ट्‌स कार तयार केली. परंतु तिच्या मोजक्याच गाड्या निघू शकल्या. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले.

कैसर डॅरिनच्या अनेक गाड्या पुनरुज्जीवित स्वरूपात टिकून आहेत आणि उत्तम स्थितीतील गाडीला लिलावात एक लाख डॉलरहून अधिक किंमत आलेली आहे. पुनरुज्जीवनाचे काम सोपे नाही. फायबरग्लास गंजत नसले, तरी त्याला तडे जातात. खालची पोलादी चासी मात्र गंजते. गाड्यांची संख्या अल्प असल्याने खास तिच्यासाठी घडविलेले भाग सहज मिळत नाहीत. सरकत्या दारांची यंत्रणा नीट बसविणे हा त्यांतील कसोटीचा भाग होय.

डॅरिन यांच्या बहुतेक रेखाटनांवर कारखान्यांनी आपला हात फिरविला. त्यांच्या मनातील मोटार बव्हंशी मूळ रूपात रस्त्यावर आली ती कैसर डॅरिनच्या रूपाने, कारण तिचा पहिला नमुना त्यांनी कोणाच्या आज्ञेने नव्हे, तर स्वतःच्या पैशाने घडविला होता.