दाणा आणि छडी

मोती आमच्या घरी आला तेव्हा मी नुकतीच निवृत्त झाले होते. तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरांना वळण लावलं, मग एका कुत्र्याच्या पिल्लाला वळण लावायला असा काय वेळ लागणार, असा माझा हिशेब होता. मोती मात्र फाटक उघडं दिसलं की सुसाट सुटायचा. हाका मारमारून माझा घसा बसायचा. अर्ध्यापाऊण तासानं स्वारी शेपूट हलवत परत आली की गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचे दोन फटके ठरलेले. महिनाभरात मोतीत फरक पडला खरा. पळायचा तो थांबला नाही, हाक मारल्यावर यायचा थांबला! फाटकाबाहेर दहा हातांवर कान पाडून उभा राहायचा आणि माझ्या हाताकडे बघत बसायचा.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी हे सांगितलं, तर ते हसले. म्हणाले की बाई, तो तुमचा अगदी हुशार विद्यार्थी आहे, तुम्ही शिकवलंत तेच शिकलाय. फटके पळाल्याबद्दल नव्हते पडत, परत आल्याबद्दल पडत होते. परत आलं की मार बसतो, हा धडा त्यानं पक्का केला. बोलता बोलता त्यांनी एक नाव घेतलं, स्किनर. मी चपापले. हे नाव मला डी.एड.पासून पाठ होतं. ‘साधक अभिसंधान’ हा परीक्षेत हमखास येणारा प्रश्न, पेटीतला उंदीर, आकृती काढा, नावं द्या. गुण मिळाले होते पैकीच्या पैकी. त्या पेटीमागचा माणूस कोण होता, हे मात्र कधी पाहिलं नव्हतं. ते मोतीमुळे पाहिलं.

बरस फ्रेडरिक स्किनर यांचा जन्म 20 मार्च 1904 चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, सस्क्वेहॅना या रेल्वेच्या छोट्या गावातला. वडील वकील. त्यांनी मुलावर कधी हात उगारला नाही; पण वाईट वागणाऱ्यांचं काय होतं हे कळावं म्हणून त्याला तुरुंग दाखवून आणला. आजीनं शेगडीचं दार उघडून आतले लाल निखारे दाखवले, खोटं बोलणारे अशा नरकात जळतात म्हणून. तोंडून वाईट शब्द गेला तेव्हा आईनं साबणानं तोंड धुतलं. छडी नसलेल्या घरातही धाक कसा भरून राहतो, याचा हा नमुनाच. आपल्याकडच्या बागुलबुवाचीच ही भावंडं.

पोरगं मात्र खटपटं. खोलीतले रात्रीचे कपडे खुंटीला लावत नाही म्हणून आई रोज टोकायची. त्यानं खुंटीला दोरी बांधून अशी युक्ती केली की खुंटी रिकामी असली तर कपडे टांगण्याची सूचना लिहिलेली पाटी दारात लोंबायची, कपडे लावले की ती वर जायची. माणसाला बोल लावण्याऐवजी त्याच्याभोवतीची मांडणी बदलायची, ही त्यांच्या पुढच्या आयुष्याची दिशा त्या पाटीत दिसते. जत्रेत त्यांनी कबुतरांचा खेळही पाहिला होता. आगीचा बंब घेऊन धावणारी कबुतरं त्यांच्या कायम लक्षात राहिली.

त्यांना व्हायचं होतं लेखक. हॅमिल्टन कॉलेजात इंग्रजी साहित्य घेऊन ते 1926 मध्ये पदवीधर झाले. रॉबर्ट फ्रॉस्ट यांच्यासारख्या कवीनं त्यांच्या कथांना शाबासकी दिली होती. आईवडिलांच्या घरी माळ्यावर टेबल मांडून ते लिहायला बसले आणि एका वर्षात त्यांना कळून चुकलं की आपल्यापाशी सांगण्यासारखं काहीच नाही. याच उदास दिवसांत पावलोव्ह आणि वॉटसन यांची पुस्तकं हाती लागली. 1928 मध्ये ते हार्वर्डला मानसशास्त्र शिकायला गेले.

पावलोव्ह यांच्या कुत्र्याच्या तोंडाला खूण मिळताच लाळ सुटायची. ती आपोआप सुटते, कुत्रा ती ‘करत’ नाही. स्किनरना कुतूहल होतं ते प्राणी आपण होऊन जे करतो त्याचं. त्यांनी पेटी बनवली. आत उंदीर आणि एक दांडी. उंदराचा पाय चुकून दांडीवर पडला की खाऊची गोळी खाली येई. हळूहळू उंदीर मुद्दाम दांडी दाबू लागे. एखाद्या कृतीनंतर लगेच हवंसं काही मिळालं की ती कृती पुन्हा होते, वाढते. याला आपल्या पाठ्यपुस्तकात ‘प्रबलन’ म्हणतात. आजी म्हणेल, यात काय नवीन? नवीन हे की स्किनर यांनी ते मोजलं.

आणि मोठे शोध लागले ते अडचणींतून. एकदा गोळ्या टाकणारं यंत्र अडकलं. उंदीर दांडी दाबतोय, गोळी येत नाही. तरी तो दाबत राहिला, मग हळूहळू त्यानं नाद सोडला. सवय कशी विझते, याचा सुबक आलेख कागदावर उमटला. तो शुक्रवार होता. आपण अपघातात गेलो तर शोधही जाईल, या धास्तीनं त्या शनिवार-रविवारी स्किनर रस्ते फार जपून ओलांडत होते! आणखी एका शनिवारी गोळ्या संपत आल्या. त्या हातानं बनवाव्या लागत आणि उरलेली दुपार त्यात घालवायचा कंटाळा आला. त्यांनी ठरवलं, दर दाबण्याला गोळी द्यायची नाही, मिनिटाला एक द्यायची. उंदीर थांबले तर नाहीतच. अधूनमधून मिळणाऱ्या गोळीवर पोसलेली सवय अधिक चिवट निघाली. लॉटरीची तिकिटं घेणाऱ्याला कोण अडवू शकतं, हे आपण पाहतोच.

त्यांचं ‘द बिहेवियर ऑफ ऑर्गॅनिझम्स’ हे पुस्तक 1938 मध्ये आलं. त्यातला एक प्रयोग मी पुन्हा पुन्हा वाचला. दांडी दाबायची सवय लागलेल्या उंदरांना गोळ्या देणं बंद केलं. त्यातल्या काहींना सुरुवातीची काही मिनिटं दांडी दाबली की पंजावर चापट बसे. ते लगेच थांबले. पण चापट बंद झाल्यावर ते पुन्हा दाबू लागले, आणि शेवटी त्यांनी एकूण तितक्याच वेळा दांडी दाबली, जितक्या वेळा मार न खाल्लेल्यांनी. मारानं सवय मोडली नव्हती, नुसती दबली होती. वर्गाबाहेर माझी पाठ वळताच होणारा कल्ला मला आठवला.

1936 मध्ये इव्होन यांच्याशी लग्न करून ते मिनेसोटाला प्राध्यापक म्हणून गेले. पुढे महायुद्ध आलं, आणि स्किनर यांच्या डोक्यात एक अचाट कल्पना आली. कबुतरानं पडद्यावरच्या लक्ष्याच्या चित्रावर चोच मारत बॉम्बला दिशा द्यायची. जनरल मिल्स या पिठाच्या कंपनीनं पैसे दिले, नंतर सरकारनंही दिले. मिनियापोलिसमध्ये पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर काम चाले. कबुतरं बिनचूक चोच मारत. पण प्रात्यक्षिक पाहून समितीतल्या मंडळींना हसूच आलं, आणि ऑक्टोबर 1944 मध्ये योजना गुंडाळली गेली. त्या बॉम्बबरोबर कबूतरही मरणार होतं, हे सांगायलाच हवं. मला वाचताना सुटल्यासारखं वाटलं.

पण खरा शोध त्याच गिरणीत 1943 मध्ये लागला होता. वॉशिंग्टनच्या निरोपाची वाट पाहत बसलेले असताना स्किनर आणि त्यांचे सहकारी केलर ब्रेलंड व नॉर्मन गटमन यांनी गंमत म्हणून ठरवलं, कबुतराला चोचीनं लाकडी चेंडू ढकलायला शिकवू. चेंडू मांडला, दाण्याच्या यंत्राचं बटण हातात धरून वाट पाहिली. कबूतर ढिम्म. शेवटी कंटाळून त्यांनी पण बदलला. नुसतं चेंडूकडे पाहिलं तरी दाणा. मग जरा पुढे आलं तर दाणा, मग चोच लागली तर दाणा. काही मिनिटांत कबूतर असा चेंडू मारू लागलं की तो पेटीच्या भिंतींवर आपटू लागला. पूर्ण कृतीची वाट बघायची नाही, योग्य दिशेनं पडलेल्या पहिल्या पावलाला दाणा द्यायचा. कुंभार मडकं घडवतो तशी सवय घडवता येते, हे त्या दिवशी हाताला कळलं.

ब्रेलंड आणि त्यांची पत्नी मॅरियन यांनी प्राणी शिकवण्याचाच व्यवसाय काढला. पियानो वाजवणाऱ्या कोंबड्या त्यांच्याच. स्किनर यांनी स्वतः 1951 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात घरच्या कुत्र्याला कसं शिकवावं, याचा लेख लिहिला. जत्रेत मिळतं तसं, दाबलं की टक्क वाजणारं पत्र्याचं खेळणं घ्या. आधी ‘टक्क’ झालं की घास मिळतो, एवढंच कुत्र्याला कळू द्या. मग हवी ती कृती होताक्षणी टक्क करा. घास तोंडात जाईपर्यंत कुत्रा दुसरंच काही करत असतो, आवाज मात्र नेमका क्षण पकडतो. पुढे डॉल्फिनवाल्यांनी शिट्टी आणि मासा वापरून हेच केलं. पाण्यातल्या डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही, मारताही येत नाही. रागावलात तर तो पोहत निघून जातो. 1984 मध्ये कॅरन प्रायर यांच्या पुस्तकानं ही विद्या घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत पोहोचवली.

आता शाळेची गोष्ट. 11 नोव्हेंबर 1953 रोजी स्किनर धाकट्या मुलीच्या वर्गात पालक म्हणून मागे बसले होते. चौथीचा गणिताचा तास. काही मुलं गणितं संपवून चुळबुळत होती, काही पहिल्याच गणितावर अडली होती, आणि आपलं उत्तर बरोबर की चूक हे कुणालाच तिथल्या तिथे कळत नव्हतं. बाई बिचाऱ्या चांगल्याच होत्या. पण कबुतराला जे मिळत होतं ते पोरांना मिळत नव्हतं. काही दिवसांतच त्यांनी शिकवण्याचं यंत्र बनवलं: छोटी पायरी, लगेच उत्तर, ज्याच्या त्याच्या वेगानं. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले. त्या बाईंच्या जागी मी तेहतीस वर्षं उभी होते.

स्किनर यांना देव करायचं कारण नाही. त्यांची कबुतरं दाण्यासाठी काम करावीत म्हणून मुद्दाम भुकेली ठेवलेली असत. सगळंच वागणं दाण्यानं घडवता येईल हा विश्वास ब्रेलंड दांपत्यानंच 1961 मध्ये उघडा पाडला. डब्यात नाणं टाकायला शिकवलेलं रॅकून नाणी एकमेकांवर घासत बसे, कारण ती त्याच्या जातीची खोड. माणसाच्या स्वातंत्र्याची कल्पनाच त्यांनी 1971 च्या पुस्तकात मोडीत काढली, तेव्हा गहजब झाला. धाकटीसाठी त्यांनी काचेची उबदार खोलीवजा पाळणापेटी केली होती, तर ती मुलगी वेडी झाली, तिनं जीव दिला, अशा कंड्या पिकल्या. ती व्यवस्थित मोठी झाली, चित्रकार झाली, आणि 2004 मध्ये तिनं स्वतःच वर्तमानपत्रात लिहून हे खोडून काढलं.

ल्युकेमियानं शरीर पोखरलं असताना 10 ऑगस्ट 1990 रोजी त्यांनी बॉस्टनला मानसशास्त्रज्ञांपुढे भाषण केलं. आठच दिवसांनी, 18 ऑगस्टला, शहाऐंशीव्या वर्षी ते गेले.

त्यांच्याकडून मी एकच गोष्ट घेतली. शिकणारा शिकत नसेल तर त्याला दोष देण्याआधी शिकवणाऱ्यानं आपली मांडणी तपासावी. वर्तमानपत्र मी वाचण्यापुरतं ठेवलं. घरातच दोन पावलांवरून मोतीला हाक, आला की त्याच क्षणी शाब्बास आणि भाकरीचा तुकडा. मग चार पावलं, मग अंगण, मग फाटक. दोन महिने लागले.

आणि मला तिसरीतला एक मुलगा आठवू लागला. रोज उशिरा यायचा. सकाळी घरचं पाणी भरून येतो, हे मला फार नंतर कळलं. उशिरा आला की हातावर दोन पट्ट्या. त्यानं वेळेवर यावं म्हणून. तो वेळेवर आला नाही, एक दिवस यायचाच थांबला. वर्षाअखेरीला हजेरीपटावरचं त्याचं नाव मी लाल शाईनं कमी केलं, आणि पोराला शिक्षणाची गोडीच नाही असं शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. मोतीनं जे केलं तेच त्यानं केलं होतं. पट्टी उशिराबद्दल नव्हती पडत, आल्याबद्दल पडत होती. उशिरा का होईना, पण तो दाराशी येऊन उभा राहत होता, तेच त्याचं चेंडूकडे पाहणं होतं. मला ते दिसलं नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेतल्या शारीरिक शिक्षेला बंदी घातली. छडी हातातून गेली हे बरंच झालं. पण रिकाम्या हातात काय घ्यायचं, हे कायदा सांगत नाही. ते शोधायला मला निवृत्त व्हावं लागलं.

मोती आता हाकेसरशी धावत येतो, भाकरी दर वेळी नसते तरीही येतो. फक्त जवळ पोहोचायच्या जरा आधी एक क्षण थांबतो आणि माझ्या हाताकडे बघतो. ते बघणंही त्याला मीच शिकवलेलं आहे.