गादी सोडलेला राजा

सुट्टीत खुलताबादला घरी गेलो की वेरूळला एक चक्कर ठरलेलीच. आमच्याच तालुक्यातलं गाव ते. तिथल्या घृष्णेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, हे तिथलं शेंबडं पोरगंही सांगेल. पण मित्रांनो, त्याच घराण्यातल्या एका राजाला खुनाच्या प्रकरणापायी गादी सोडावी लागली आणि त्या प्रकरणावर सिनेमाही निघाला, हे मला कॉलेजला येईपर्यंत ठाऊक नव्हतं!

हे राजे म्हणजे इंदूरचे तिसरे तुकोजीराव होळकर. जन्म १८९० चा. वडील शिवाजीरावांनी १९०३ मध्ये गादी सोडली आणि तेराव्या वर्षीच हा मुलगा महाराज झाला. माणूस कर्तबगार होता. सिव्हिलवाल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावं, की इंदूरच्या नगररचनेसाठी त्यांच्या काळात पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश तज्ज्ञाला बोलावलं गेलं. त्याचा १९१८ चा अहवाल आजही अभ्यासला जातो.

पण लोकांच्या लक्षात राहिली ती मुमताज बेगम. ती महाराजांच्या दरबारातली नर्तकी. तिला तिथं राहायचं नव्हतं. मसुरीला नेत असताना ती दिल्लीलाच गाडीतून उतरली आणि पुढे जायला तिनं साफ नकार दिला. नंतर मुंबईत ती अब्दुल कादर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याबरोबर राहू लागली.

१२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ. मलबार हिलवर बावलांची मोटार अडवली गेली. बावलांना गोळ्या घातल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर चाकूचे वार झाले. तिला पळवून न्यायचा डाव होता. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी तिथं पोचले. त्यांनी हल्लेखोरांशी झटापट केली, म्हणून ती वाचली. बावला मात्र गेले.

मुंबई हायकोर्टात नऊ जणांवर खटला चालला. त्यात होळकरांच्या नोकरीतली माणसं होती. एका आरोपीचे वकील होते बॅरिस्टर जीना! मुमताजनं भर कोर्टात साक्ष दिली. तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. महाराज स्वतः आरोपी नव्हते. पण इंग्रज सरकारनं त्यांच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या, चौकशी आयोग किंवा गादीचा त्याग. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी मुलगा यशवंतराव यांच्यासाठी गादी सोडली.

गाजलेल्या भानगडींवर तिकडे हॉलिवूडमध्ये सिनेमे निघत, तसे आपल्याकडेही निघाले. कोहिनूर कंपनीसाठी होमी मास्टर यांनी त्याच वर्षी, १९२५ मध्ये, या प्रकरणावर ‘कुलीन कांता’ हा मूकपट काढला. म्हणजे ‘सत्यघटनेवर आधारित’ ही पाटी काही आजची नाही!

१९२८ मध्ये तुकोजीरावांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. हिंदू धर्म स्वीकारून ती शर्मिष्ठादेवी झाली. १९७८ मध्ये महाराजांचं निधन झालं.

मला राहून राहून वाटतं, राजाकडे फौज होती, पैसा होता, शहर घडवायची दृष्टीही होती. त्या बाईकडे होता तो फक्त एक नकार. तो तेव्हाच मान्य झाला असता, तर बावलांचा जीव वाचला असता आणि राजाची गादीही. आता घृष्णेश्वराच्या पायऱ्या चढताना अहिल्याबाईंबरोबर मला मुमताजही आठवते.