ढाक्याचा मुलगा, शिकागोचे आकाश : इंजिनिअर फजलूर रहमान खान

जेद्दाहमार्गे हजला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, विमानतळावरचे ते पांढरे तंबू त्यांना हमखास आठवतात. डोक्यावर उंच ताणलेलं कापड, बाजूला भिंती नाहीत, वारा मोकळा खेळतो आणि खाली एहराममधले हजारो लोक. आपल्या मुंबईहून गेलेले कितीतरी हाजी या छताखालून गेले आहेत. पण हे छत उभारणाऱ्या इंजिनिअरचं नाव विचारलं, तर बहुतेकांना सांगता येत नाही. ते नाव आहे फजलूर रहमान खान.

आमच्या वर्गातल्या मुलांना सिअर्स टॉवर माहीत असतो, बुर्ज खलिफा तर तोंडपाठ असते. यातल्या सिअर्स टॉवरमागे एका बंगाली मुसलमान शिक्षकाच्या मुलाचं डोकं आहे, हे सांगितलं की ती चकित होतात. म्हणून ही हकीकत सविस्तर मांडतो आहोत.

शिक्षकाचा मुलगा

फजलूर खान यांचा जन्म ३ एप्रिल १९२९ रोजी ढाक्याचा. वडील अब्दुर रहमान खान गणिताचे शिक्षक. त्यांनी गणिताची पाठ्यपुस्तकं लिहिली आणि पुढे बंगालच्या शिक्षण खात्यात मोठ्या पदापर्यंत पोहोचले. घरात दौलतीपेक्षा पुस्तकं जास्त. मुलगा कोलकात्याजवळच्या शिबपूर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होता. फाळणी झालेलीच होती, त्यात १९५० मध्ये दंगली पेटल्या आणि त्याला शिक्षण अर्धवट टाकून ढाक्याला परतावं लागलं. तिथल्या अहसानउल्लाह इंजिनिअरिंग कॉलेजातून त्याने पदवी घेतली, तीही पहिल्या क्रमांकाने.

१९५२ मध्ये फुलब्राइट आणि पाकिस्तान सरकारची शिष्यवृत्ती घेऊन तो अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात दाखल झाला. वय २३. पुढच्या तीन वर्षांत त्याने दोन मास्टर्स पदव्या आणि पीएचडी पूर्ण केली.

त्या काळची अमेरिका

ती अमेरिका आजच्यासारखी नव्हती. १९४६ पर्यंत हिंदुस्तानी माणसाला तिथे नागरिकत्वच मिळत नव्हतं, कारण कायद्याच्या नजरेत तो गोरा नव्हता. नंतर दार किलकिलं झालं, पण खान पोहोचले त्या वर्षी पाकिस्तानातून कायमचं राहायला येणाऱ्यांचा कोटा होता वर्षाला फक्त १००. देशवार कोट्याची ही पद्धत १९६५ च्या कायद्याने मोडली.

खान यांच्या आधीही बंगाली मुसलमान अमेरिकेत पोहोचले होते. सिल्हेट, नोआखालीकडचे खलाशी. जहाजांच्या बॉयलरखोलीत कोळसा ओढणारे हे लोक न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले की गुपचूप पसार व्हायचे. हॉटेलांत भांडी घासली, कारखान्यांत राबले, हार्लेममधल्या काळ्या आणि पोर्तोरिकन कुटुंबांत लग्नं केली आणि तिथलेच होऊन गेले. माती एक, दीन एक. एकाच्या हाती शिष्यवृत्तीचं पत्र होतं, दुसऱ्याच्या हाती फावडं. खान यांचं यश सांगताना या खलाशांना विसरणं आम्हाला बरोबर वाटत नाही. परदेशात गेलेल्याचं काय होतं हे त्याच्या मेहनतीवर असतं, तसंच कोणतं दार त्याच्यासाठी उघडं होतं यावरही असतं.

पोकळ बांबूचं गणित

१९५५ मध्ये खान शिकागोच्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या कंपनीत लागले. १९५७ मध्ये वतनाची सेवा करायची म्हणून कराचीला परतले आणि तिथल्या विकास प्राधिकरणात रुजू झाले. पण तिथे हातात फायलीच जास्त आल्या, इमारती कमी. १९६० मध्ये ते पुन्हा शिकागोला गेले.

उंच इमारतीचा खरा दुश्मन वजन नसून वारा असतो. इमारत जितकी उंच, तितका वारा तिला आडवा ढकलतो. पूर्वी त्यासाठी आतमध्ये खांबांचं जंगल उभं करत. लोखंड वाढायचं, खर्च वाढायचा, आतली जागा जायची. खान यांनी वेगळा विचार केला. बांबू आतून पोकळ असतो, तरी वादळात मोडत नाही, कारण त्याची ताकद बाहेरच्या सालीत असते. तशीच इमारतीची ताकद बाहेरच्या भिंतीत आणली तर? यालाच ट्यूब पद्धत म्हणतात. हा विचार त्यांनी आधी शिकागोच्या ४३ मजली डेविट-चेस्टनट इमारतीत उतरवला.

मग १९६९ मध्ये १०० मजल्यांचं जॉन हॅनकॉक सेंटर पूर्ण झालं. बाहेरून एक्सच्या आकाराच्या प्रचंड तिरप्या पट्ट्या दिसतात तीच ही इमारत. एम्पायर स्टेट बिल्डिंगला दर चौरस मीटरला सुमारे २०६ किलो लोखंड लागलं होतं, हॅनकॉकला सुमारे १४५ किलो पुरलं. त्यानंतर नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधाव्यात तसा ११० मजली, ४४२ मीटर उंचीचा सिअर्स टॉवर उभा राहिला. १९७३ मध्ये तो जगातला सर्वांत उंच ठरला आणि १९९८ पर्यंत तो मान टिकला. या दोन्ही इमारतींत आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम त्यांचे जोडीदार होते.

१९७१ : कुणाचा माणूस?

खान यांच्या ओळखीचा हिशेब पाहा. जन्म ब्रिटिश हिंदुस्तानात, तारुण्य पाकिस्तानात, १९६७ पासून अमेरिकन नागरिक. पत्नी लिझेलोट मूळच्या ऑस्ट्रियाच्या, मुलीचं नाव यास्मिन. घरात टागोरांची गाणी खान स्वतः गात असत.

मग १९७१ आलं. पूर्व पाकिस्तानात लष्कराने कत्तली सुरू केल्या. सुमारे एक कोटी लोक सरहद्द ओलांडून भारतात आले. अमेरिकेचं निक्सन सरकार पाकिस्तानच्या पाठीशी होतं. म्हणजे खान यांच्यासमोर जुनं वतन जुलूम करत होतं आणि नवं वतन त्याला साथ देत होतं. नागरिकत्व मिळून जेमतेम चार वर्षं झाली होती. गप्प बसले असते तर कुणी बोल लावला नसता.

ते गप्प बसले नाहीत. शिकागोत त्यांनी बांगलादेश इमर्जन्सी वेल्फेअर अपील आणि बांगलादेश डिफेन्स लीग या संस्था उभ्या केल्या. एकीतून मदतीचा पैसा जमवला, दुसरीतून अमेरिकेच्या धोरणाविरुद्ध आवाज उठवला. जुलूम करणारेही कलमा पढणारे होते, म्हणून त्यांनी डोळे झाकले नाहीत. अमेरिकन असणं म्हणजे सरकारच्या होला हो करणं, असंही मानलं नाही. इमारती पाहून आम्हाला कौतुक वाटतं, पण हे वाचून जास्त आदर वाटतो.

हाजींसाठी सावली

शेवटचं मोठं काम जेद्दाहचं. हजच्या दिवसांत लाखो लोक थोड्या दिवसांत यायचे आणि जायचे, बाकी वर्षभर तेव्हा तशी गर्दी नसायची. एवढ्यांसाठी बंद, वातानुकूलित इमारत म्हणजे विजेची उधळण. उत्तर निघालं ते वाळवंटाच्या जुन्या सवयीतून, तंबूतून. टेफ्लॉनचा लेप दिलेल्या फायबरग्लासच्या कापडाचे २१० तंबू. ऊन वरच परतवायचं, गरम हवा मधल्या मोकळ्या छिद्रातून वर जायची, खाली सावली. १९८१ मध्ये टर्मिनल सुरू झालं आणि १९८३ मध्ये त्याला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

तो पुरस्कार पाहायला खान नव्हते. २७ मार्च १९८२ रोजी जेद्दाहमध्येच हृदयविकाराने त्यांचा इंतकाल झाला. ५३ वर्षं पूर्ण व्हायला एक आठवडा बाकी होता. दफन शिकागोत, ग्रेसलँड कब्रस्तानात झालं. बांगलादेशाने १९९९ मध्ये त्यांना मरणोत्तर स्वाधीनता पुरस्कार दिला.

२००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी कैरोतल्या भाषणात अमेरिकी मुसलमानांचं योगदान सांगताना देशातली सर्वांत उंच इमारत त्यांनी बांधल्याचा उल्लेख केला. नाव मात्र घेतलं नाही. त्याच वर्षी सिअर्स टॉवरही विलिस टॉवर झाला.

पालक आम्हाला नेहमी विचारतात, मुलगा परदेशी गेला तर आपला राहील का? खान यांची जिंदगी याचं सोपं उत्तर देत नाही. ते शिकागोचे झाले, तिथेच राहिले, तिथल्याच मातीत गेले. पण ढाका रडलं तेव्हा ते उठून उभे राहिले आणि हाजींना ऊन लागतं तेव्हा त्यांनी सावली धरली. आपला राहणं याहून वेगळं काय असतं? पुढच्या वेळी घरातलं कुणी हजहून परतलं, तर त्या तंबूंबद्दल जरूर विचारा आणि हे नाव मुलांना सांगा. अल्लाह मरहूम फजलूर खान यांची मगफिरत करो. आमीन.