कै. डॉ. रखमाबाई यांची रुग्णसेवा

आपल्या सुतार ज्ञातीस ललामभूत झालेल्या स्त्रियांत कै. डॉ. रखमाबाईंचे स्थान अग्रभागी आहे. त्यांचा जन्म मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. पितृछत्र बालपणीच हरपले. मातोश्री जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला व त्यांच्या घरी रखमाबाईंस विद्येची गोडी लागली. अकराव्या वर्षी झालेला विवाह त्यांनी मानला नाही. १८८४ साली पतीने दावा लावला. १८८७ साली, नांदावयास न गेल्यास सहा महिने कारावास, असा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी कारावास पत्करण्याची सिद्धता दर्शविली. १८८८ साली तडजोड होऊन त्या मुक्त झाल्या आणि विलायतेस जाऊन १८९४ साली डॉक्टर झाल्या.

हा इतिहास पुष्कळांस ठाऊक आहे. त्यांच्या रुग्णसेवेविषयी मात्र क्वचितच लिहिले जाते.

१८९५ साली त्या सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात रुजू झाल्या. रुग्णालय होते, डॉक्टरीणबाई होत्या. परंतु प्रसूतीसाठी तेथे जाण्यास स्त्रिया धजत नसत. संपन्न घरी वैद्य बोलावता येई. ज्यांस रुग्णालयावाचून अन्य आधार नव्हता, त्याही भीतीने व रूढीने त्यापासून दूर राहत. तेव्हा रखमाबाईंनी एका गाभण शेळीस रुग्णालयात आणून तिची प्रसूती करविली, असे सांगतात. मुके जनावर सुखरूप सुटलेले पाहून स्त्रियांस धीर आला. पुढे राजकोटच्या स्त्री-रुग्णालयातही त्यांनी सेवा केली. पडद्याची चाल मोडावी म्हणून १९२९ साली पुस्तिका लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे देहावसान झाले.

ज्ञातिबंधुभगिनींनो, या चरित्राचा बोध आजही घेण्याजोगा आहे. सरकारी रुग्णालय सर्वांस खुले असते. परंतु केसपेपर कोठे काढावा, कोणत्या खिडकीशी उभे राहावे, डॉक्टरांस काय विचारावे, हे शिकलेल्यास कळते. रोजंदारीवरील कारागिराचा रांगेत दिवस जातो व मजुरी बुडते. म्हणून तो दुखणे अंगावर काढतो, आणि त्याची पत्नी तर त्याहून अधिक. औषध फुकट असले तरी तेथवर पोहोचणे फुकट नसते. यास्तव आपल्यातील प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने वर्षातून एका तरी गरजू ज्ञातिबांधवास वा भगिनीस सोबत करून रुग्णालयात न्यावे. तसबिरीस हार घालण्याहून रखमाबाईंचे हेच खरे स्मरण होय.