अण्णासाहेब कर्वे व मुरुडकरांचा बहिष्कार

जव्हार-मोखाड्याची पेठ असो वा कोंकणचा किनारा, लहान गांवीं शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर पहारा करणें हाच पुष्कळांस धर्म वाटतो. अशांनीं धोंडो केशव कर्वे यांचें चरित्र पाहावें. मुरुडच्या हितासाठीं त्यांनीं तरुणपणींच फंड उभारला. परंतु १८९३ सालीं शारदासदनांत शिकणाऱ्या बालविधवा गोदूबाईंशीं त्यांनीं विवाह करतांच त्याच गांवानें त्यांस वाळीत टाकलें. मातेच्या घराचें दारही त्यांस बंद झालें. कर्वे खचले नाहींत. १८९६ सालीं त्यांनीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें. १९५८ सालीं ते भारतरत्न झाले. बहिष्कार घालणारांचीं नांवें आज कोणाच्या मुखीं आहेत? लोकनिंदेच्या भयानें शेजारधर्म सोडणाऱ्या व्यापारी बंधूंनीं हा जमाखर्च एकवार तपासावा.